डेव्हिड बाल्फरच्या मागोमाग, ओहोटीची वेळ बघून

आयोना या बेटाची बोट फिनाफोर्टहून सुटते. त्यामुळे स्कॉटलंडच्या आइल ऑफ मल या बेटाच्या या टोकाला येणारे जवळजवळ सगळे तिकडेच निघालेले असतात. आम्ही मात्र धक्क्याच्या अलीकडेच दक्षिणेला फिडनच्या रस्त्याला लागलो. आम्ही म्हणजे मी आणि ग्लासगोला राहणारा माझा भाचा. गाडी त्याची, हट्ट माझा. ओबनहून क्रेगनूरपर्यंत मोठ्या बोटीतून, तिथून एकेरी रस्त्यानं मेंढ्यांना वाट देत देत इथवर. "मावशी, एवढं लांब येऊन आयोना नाही बघायचं?" असं त्यानं दोनदा विचारून झालं होतं. आयोनाचा मठ दुसऱ्या दिवशीही तिथंच असणार होता. ओहोटी मात्र दुपारचीच होती.

आम्हाला एरिडला जायचं होतं. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनच्या ‘किडनॅप्ड’मधला डेव्हिड बाल्फर जहाज फुटल्यावर ज्या बेटाला लागतो, ते हे. ओहोटीतच तिथं चालत जाता येतं.

ही कादंबरी 1886 साली ‘यंग फोक्स’ या मुलांच्या साप्ताहिकात मे ते जुलै क्रमशः आली आणि त्याच वर्षी पुस्तकरूपानं निघाली. त्या काळी इंग्रजीत मुलांसाठीच्या ऐतिहासिक साहसकथांचं अमाप पीक होतं. साचा ठरलेला: पोरका पण शूर मुलगा, एखादी खरी लढाई, मुलगा बरोब्बर सेनापतीच्या नजरेत भरणार आणि शेवटी बढती, इस्टेट, लग्न. जी. ए. हेंटी यांनी अशी पुस्तकं डझनांनी लिहिली. त्यांतलं एक तर मराठा मुलखात वाढलेल्या इंग्रज पोराचं आहे. ते वाचताना आपण नक्की कुणाच्या बाजूचे, असा प्रश्न मला पानोपानी पडत होता. स्टीव्हन्सननंही साचा तोच घेतला, पण त्याचा नायक बहुतेक वेळा दमलेला, भुकेलेला आणि दुसऱ्याच्या भरवशावर असतो. सतरा वर्षांच्या डेव्हिडला त्याचा सख्खा काका इस्टेटीसाठी एका कप्तानाच्या हवाली करतो, अमेरिकेत नेऊन विकायला. वाटेत अॅलन ब्रेक हा फरारी बंडखोर जहाजावर येतो, तलवारबाजी होते, आणि मग जहाज मलजवळच्या टोरन खडकांवर आपटतं.

रस्ता संपतो तिथं गाडी लावली. शेताच्या फाटकातून उतरलो तर समोर वाळूचा रुंद पट्टा, पलीकडे एरिड. पाणी नुकतंच गेलेलं. वाळूवर लाटांच्या बारीक रेघा तशाच उमटलेल्या, त्यांच्यात किड्यांनी वर काढून ठेवलेली वाळूची वेटोळी. कडेच्या तपकिरी शेवाळाला फुगे असतात, बुटाखाली आले की फटफट फुटतात. दोन्हीकडचा ग्रॅनाइट गुलाबी, ओला झाला की जवळजवळ मांसाच्या रंगाचा. खडकाला चिकटलेल्या शंकूसारख्या शिंपल्यांपैकी एक मी अंगठ्यानं सोडवायला गेले. नख दुखलं, शिंपला तसूभरही हलला नाही. भाचा म्हणाला, "त्याला आधी न कळता फटका मारायचा असतो. एकदा कळलं की तो धरून ठेवतो."

डेव्हिड हेच शिंपले कच्चे खातो. कधी पचतात, कधी ओकून टाकतो. वर पावसाची झड. पलीकडे आयोनाच्या देवळाचं छप्पर आणि घरांचा धूर दिसतोय, मध्ये समुद्र. एक कोळ्यांची होडी जवळून जाते, तो ओरडतो, ते गेलिकमध्ये काहीतरी बोलून हसतात आणि निघून जातात. दुसऱ्या दिवशी तीच होडी पुन्हा येते. त्यांच्या बोलण्यात त्याला ‘ओहोटी’ एवढाच शब्द ओळखू येतो आणि डोक्यात प्रकाश पडतो. तो धावत सुटतो आणि फार तर गुडघाभर पाण्यातून मलवर पोचतो. दिवसातून दोनदा तो चालत बाहेर पडू शकला असता! समुद्राकाठी वाढलेला पोरगा इथं एक दिवसही अडकला नसता, हे तो स्वतःच सांगतो.

साहसकथेच्या नायकाचं असं हसं करायला हिंमत लागते. खजिना नाही, नरभक्षक नाहीत. भरती-ओहोटी ठाऊक नाही एवढ्यापायी मरायला टेकलेला मुलगा. त्या वाळूवरून पलीकडे जायला आम्हाला फार वेळ लागला नाही, आणि नेमकं त्यामुळेच ते प्रकरण पहिल्यांदा अंगावर आलं.

स्टीव्हन्सन हे बेट नकाशावरून लिहीत नव्हता. त्याचं घराणं दीपगृहं बांधणाऱ्या इंजिनियरांचं. नैऋत्येला सुमारे 24 किमीवर भर समुद्रातल्या एका खडकावर त्याचे वडील थॉमस आणि काका डेव्हिड यांनी डू आर्टाख दीपगृह उभारलं. 1867 ला काम सुरू झालं, 1872 ला दिवा लागला. किनाऱ्यावरचा तळ होता एरिडला. इथल्या खाणीतला दगड घडवून बोटीनं तिकडे जायचा. 1870 च्या उन्हाळ्यात एकोणीस वर्षांचा स्टीव्हन्सन धंदा शिकायला म्हणून इथं राहिला होता. धंदा काही शिकला नाही, बेट मात्र पाठ केलं. दीपगृहाच्या कुटुंबांसाठी बांधलेली दगडी घरांची रांग आजही आहे, पुढे भाजीचे वाफे आहेत. आता तिथं एक छोटा समुदाय राहतो. एक बाई लसणीची पात खुडत होत्या, त्यांनी हात केला आणि घड्याळाकडे बोट दाखवलं. दक्षिणेच्या पांढऱ्या वाळूच्या खाडीला आता लोक बाल्फर बे म्हणतात. ती बघून आम्ही लगबगीनं परत फिरलो. वाटेत घोट्यापर्यंत पाणी आलंच.

मल ओलांडून डेव्हिड पलीकडच्या मुख्य भूमीवर मॉर्वर्नला जातो, तिथून अॅपिनला. आम्ही सरळ ओबनला परतून किनाऱ्यानं वर गेलो. इथून पुढे गोष्ट गंमतीची राहत नाही.

1746 ला कलोडनच्या लढाईत हायलँडचे, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातले, सरकारविरुद्ध उठलेले बंडखोर मोडले. मग हत्यारबंदी आली, त्यांच्या पोशाखावरही बंदी आली, सरदारांच्या जमिनी जप्त झाल्या. 1818 नंतर आपल्या गडांच्या वाटा आणि पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या, त्याच जातीचा हा बंदोबस्त. अॅपिनच्या स्टुअर्टांच्या जप्त जमिनीचा सरकारी कारभारी होता कॉलिन कॅम्पबेल. 14 मे 1752 रोजी, कुळांना घराबाहेर काढायच्या आदल्या दिवशी, लेटरमोरच्या रानात त्याच्या पाठीत गोळ्या घातल्या गेल्या. संशय अॅलन ब्रेकवर, म्हणजे तो खराच माणूस. तो फ्रान्सला निसटला. सापडला त्याचा पालक, जेम्स स्टुअर्ट, ‘जेम्स ऑफ द ग्लेन्स’. खटला इन्व्हरेरीला, कॅम्पबेल घराण्याच्या गावात. न्यायासनावर कॅम्पबेलांचा प्रमुख ड्यूक ऑफ अर्गाइल, आणि पंधरा ज्यूरींपैकी अकरा कॅम्पबेल. निकाल काय लागणार हे सांगायला नको.

लेटरमोरचं रान आज वनखात्याच्या लागवडीचं आहे. पाटी बघून वर चढलं की झाडीत दगडांची एक रास लागते, गोळी लागली ती जागा म्हणून. आम्ही तिथं फार थांबलो नाही, कारण मिज. ही आपल्या चिलटांची चुलत भावंडं, पण चावणारी. कानात, पापण्यांत, चष्म्याच्या काचेमागे शिरतात. कादंबरीत याच उतारावर डेव्हिड कॉलिन कॅम्पबेलला थांबवून रस्ता विचारतो आणि त्याच क्षणी गोळी सुटते. म्हणजे खून झाला तो काही अंशी त्याच्या थांबवण्यामुळे, असं सगळ्यांना वाटणार. मुलांच्या गोष्टीत नायकाला खुनाचा साथीदार समजलं जाणं, ही त्या काळी बरीच मोठी उडी होती.

फाशीची जागा बॅलाहुलिशच्या पुलाला अगदी लागून आहे. 1975 चा हा पूल, त्यावरून ट्रक धडधडत असतात. बाजूच्या टेकाडावर पायऱ्या जातात आणि वर एका चबुतऱ्यावर पांढरट धोंडा बसवलेला. 8 नोव्हेंबर 1752 ला जेम्सला इथं टांगलं. प्रेत साखळदंडात तसंच ठेवलं, पहारा बसवला, महिनोन्‌महिने. खाली तराफा चालायचा, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला बघणं भाग. शिळेवर लिहिलंय, जो गुन्हा त्यानं केला नाही त्यासाठी. भाच्यानं ते मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, "मग केला कुणी?"

स्टीव्हन्सन ते सांगत नाही. तो तारीखही बदलतो, 1752 चं 1751 करतो, टोरनचे खडक एरिडच्या जवळ ओढून आणतो, आणि अर्पणपत्रिकेत खुशाल सांगतो की हे विद्वानाच्या ग्रंथालयासाठी नाही, शाळेचा अभ्यास उरकून झोपायची वेळ होत आलेल्या संध्याकाळसाठी आहे. पण अॅपिनमधली जुनी माणसं अॅलनला निर्दोष मानतात, हेही तिथंच नोंदवून ठेवतो. डेव्हिडला खरं काय ते माहीत आहे, आणि त्याचा काही उपयोग नाही. 1893 च्या ‘कॅट्रिओना’ या पुढच्या भागात तो साक्ष द्यायला धडपडतो, तर त्याला समुद्रातल्या बास रॉक या खडकाळ बेटावर डांबून ठेवतात, खटला संपेपर्यंत. हेंटीच्या पोरानं असं होऊ दिलं नसतं, त्यानं जेम्सला सोडवून आणलं असतं. म्हणूनच हेंटीची लढाई माझ्या लक्षात राहत नाही आणि हा धोंडा राहतो.

ग्लेन्कोचं खोरं आणि रॅनॉक मूरचं माळरान मी गाडीतून पाहिलं. पाऊस होता. पळून जाताना डेव्हिड आणि अॅलन खडकाच्या माथ्यावर दिवसभर उन्हात भाजून निघतात आणि खाली सैनिक फिरत असतात, ते प्रकरण ग्लेन्कोजवळचं. स्कॉटलंडमध्ये ऊन लागून हाल होतात हे खरं वाटायला मला आणखी एखादी सहल लागेल.

शेवटचा थांबा साउथ क्वीन्सफेरी, एडिनबराच्या वेशीवर. काका डेव्हिडला जिथून जहाजावर चढवतो ती हॉज इन ही खानावळ अजून चालू आहे. वर फोर्थ खाडीवरचा अजस्र पोलादी रेल्वेपूल, 1890 चा, म्हणजे कादंबरीनंतरचा. आम्ही सूप मागवलं. खिडकीतून पुलाचा एकच तांबडा पाय दिसतो, बाकी काही मावत नाही. भाच्यानं फोनवर पुस्तकाचं शेवटचं पान काढलं. अॅलनला निरोप देऊन डेव्हिड एडिनबराच्या गर्दीत शिरतो आणि फिरत फिरत येऊन ठेपतो ब्रिटिश लिनन कंपनीच्या बँकेच्या दाराशी. तिथंच कादंबरी संपते. भाचा बँकेत नोकरीला आहे. इतका समजूतदार शेवट त्यानं कुठल्याच साहसकथेत वाचला नव्हता, असं त्यानं सांगितलं आणि बिल मागवलं.