आमची वाटचाल : यीस्टची पुडी आणि वासराचा चीक

2015 ला दापोलीजवळ पेंड-सरकीचं छोटं दुकान टाकलं तेव्हा गाभण गाईला यीस्ट देतात हे मलाच ठाऊक नव्हतं, यीस्ट म्हणजे पाववाल्याचं काम! मग एका डॉक्टरांनी समजावलं की सॅकरोमायसिस सेरेव्हिसी नावाचं जिवंत यीस्ट गाईच्या पहिल्या पोटातला उरलासुरला ऑक्सिजन खाऊन टाकतं, आंबटपणा जरा ताब्यात राहतो आणि चारा पचवणाऱ्या जिवाणूंचं फावतं. आमच्याकडच्या गाई जगतात भाताच्या पेंढ्यावर, म्हटलं हे आपल्यासाठीच.

लगेच मोठी गोण मागवली. जून लागला, गोण अर्धी उघडी, आठवड्यात आत दगड! जिथे मिठाचं पाणी होतं तिथे यीस्टची काय कथा. पैसे गेले ते गेले, वर दोघातिघांनी वाफाळत्या आंबोणात, म्हणजे गुरांच्या शिजवलेल्या खाण्यात, टाकून यीस्ट मारून टाकलेलं आणि मलाच ऐकवतात, "दादा, तुमच्या पावडरीत दम नाय." तेव्हापासून एका दिवसाची एक हवाबंद पुडी, आणि आंबोण कोमट झाल्यावरच घालायचं हे तोंडी सांगितल्याशिवाय पुडी देत नाही.

माझी खरी चूक वासरांच्या बाबतीत झाली. विण्याआधीचे 3 आठवडे यीस्ट द्या, वासरू ठणठणीत, असं मी बिनधास्त सांगायचो. नंतर वाचायला लागलो तर काही चाचण्यांत चिकातल्या अँटीबॉडी वाढलेल्या, काहींत काहीच फरक नाही. पोटात असताना गाईच्या वारेतून वासराला अँटीबॉडी मिळतच नाहीत, जे काय ते चिकातून, आणि साधारण 24 तासांत आतडं त्या घेणं बंद करतं. आणि आपण काय करतो, पहिलाच चीक काढून खरवस! गाईला तीन आठवडे यीस्ट चारलं आणि चीक गेला शेजारच्यांच्या ताटात, मग वासरू हगलं तर दोष कुणाचा? पुडीबरोबर आता दूध पाजायची बाटलीपण ठेवतो. 25 किलोच्या वासराला अडीच लिटर, पहिल्या दोन तासांत, खरवस दुसऱ्या दिवसाच्या चिकाचा करा.

आमच्या एक गिऱ्हाईक आजी तेव्हा म्हणाल्या, "दुसऱ्या दिवसाचा घट्ट नाय होत रे." खरं आहे. गेल्या गणपतीत त्यांच्याकडून डबा आला, खरवस पार लिबलिबीत. चमच्याने खाल्ला.