मोपा ते लिस्बन: अंतर किती, वेळ किती

गोव्यातल्या मोपा विमानतळाहून पोर्तुगालची राजधानी लिस्बन सरळ रेषेत सुमारे ८,३२० किमी. थेट विमान नाही, मध्ये उतरावंच लागतं. त्यातल्या त्यात दोहाची वाट सगळ्यात सरळ. मोपा–दोहा साधारण २,५४० आणि दोहा–लिस्बन ५,८१० किमी, म्हणजे फेरा पडतो जेमतेम तीस-चाळीस किमीचा. मुंबई-फ्रँकफर्टमार्गे पाचशेहून जास्त किमी वाढतात, विमानही एक जास्त बदलावं लागतं. शिवाय शेंगेनचं (आपसात सीमातपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटाचं) इमिग्रेशन फ्रँकफर्टलाच होतं. तिथे दोन तासांपेक्षा कमी वेळ असेल तर ते तिकीट घेऊ नका.

तिकिटावरच्या वेळा स्थानिक असतात, त्यामुळे हिशेब हमखास चुकतो. समजा मोपाहून पहाटे ४ ला निघून दोहाला ५.३० ला पोचलात. हा दीड तास नव्हे, चार तास. दोहा आपल्या अडीच तास मागे आहे. तिथून ८.३० ला सुटलेलं विमान उन्हाळ्यात लिस्बनला दुपारी २.१५ ला उतरलं, तर उड्डाण पावणेआठ तासांचं. एकूण प्रवास पावणेपंधरा तास, घड्याळात दिसतात फक्त सव्वादहा. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत लिस्बन आपल्या साडेचार तास मागे, एरवी साडेपाच. परतीला पश्चिमेचा वारा पाठीशी असतो, म्हणून लिस्बन–दोहा टप्पा पाऊण ते एक तासाने लवकर संपतो.

खरा वेळ जातो तो जमिनीवर. तिकिटावर जीओएक्स म्हणजे मोपा, जीओआय म्हणजे गोव्यातलाच दुसरा विमानतळ, दाबोळी. जाताना एक आणि येताना दुसरा नाही ना, हे पैसे भरण्याआधी बघा. कतार एअरवेज जून २०२४ पासून मोपाहून उडते. पणजीहून म्हापसा-धारगळमार्गे तासभर पुरतो, काणकोणहून मात्र अडीच तास धरा. विमानतळावर तीन तास आधी पोचा, कारण चेक-इन काउंटर तासभर आधी बंद होतो.

दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या. मग बॅग थेट लिस्बनला जाते आणि पहिलं विमान उशिरा आलं तर पुढची सोय कंपनीला करावी लागते. वेगवेगळी तिकिटं काढून वाचवलेले पैसे एका चुकलेल्या विमानात जातात, वर मनस्ताप वेगळा.

पॉवर बँक हातातल्या बॅगेत ठेवा. युरोपात मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे चोरिस (गोव्याचं डुकराच्या मांसाचं सॉसेज) आणि पेढे दोन्ही घरीच. नारळ, केळी, अननस चालतात. मानकुराद आंब्याला फायटोसॅनिटरी (रोग-कीड नसल्याचं) प्रमाणपत्र लागतं.

लिस्बनला इमिग्रेशनची रांग लांब असते. हॉटेलचं बुकिंग, परतीचं तिकीट आणि विमा कागदावर छापून हाताशी ठेवा. शहरात जायला विमानतळावरूनच मेट्रोची लाल लाइन सुटते, पण रात्री एकनंतर ती बंद. उशिरा उतरणाऱ्यांनी टॅक्सीचे पैसे वेगळे काढून ठेवावेत.