झेंडू, तेरडा, गोकर्ण: फुलं खुडणं आणि बी धरणं, माझा अनुभव

आमच्या भांडुपच्या घराला बॉक्स ग्रील आहे, ऊन दुपारपर्यंत येतं, आणि त्यात मावतील तेवढ्या कुंड्या. झेंडू, तेरडा, सदाफुली, गोकर्ण, ऑफिस टाइम (म्हणजे पोर्तुलाका), कोपऱ्यात गुलबक्षी. मागच्या पावसाळ्यापासून संक्रांतीपर्यंत मी याच झाडांची फुलं पण भरपूर घेतली आणि बी पण धरलं, तर बिल्डिंगमधल्या बायका सारखं विचारतात की दोन्ही कसं जमवलंस, म्हणून सगळं एकदा लिहून टाकते.

दोन्ही एकाच वेळी जमत नाही, हे आधी मनात पक्कं करायचं. झाड फुलतं तेच मुळी बी धरायला. झेंडूसारख्या एका मोसमाच्या झाडात बी भरायला लागलं की सगळी ताकद तिकडे जाते, नव्या कळ्या कमी होतात. म्हणून फूल मलूल झालं की खुडायचं, आणि खुडायचं म्हणजे नुसत्या वाळक्या पाकळ्या ओढायच्या नाहीत हां, त्याने काही होत नाही, कारण बी खालच्या हिरव्या फुगीर देठात असतं. तो भाग गेला पाहिजे. मी देठ खाली जिथे पानांची पहिली जोडी आहे तिथपर्यंत बोटं नेते आणि तिच्या जरा वर कात्रीने कापते. शेंडा गेला की पानांच्या बेचक्यातले डोळे जागे होतात आणि एका फांदीच्या दोन होतात, झाड आपोआप डेरेदार. सदाफुली आणि ऑफिस टाइमला एवढं करावं लागत नाही, त्यांची फुलं आपली आपण गळतात. तेरड्याच्या पाकळ्या पण गळतात पण बोंडं राहतात, फुलं हवी असतील तर ती काढायची.

आता मुंबईची खरी अडचण म्हणजे पाऊस. हवामान खात्याच्या हिशोबाने आपल्याकडे पाऊस ११ जूनच्या सुमारास येतो आणि ८ ऑक्टोबरच्या सुमारास परततो. मधले हे चार महिने बी धरायच्या कामाचे नाहीत असं माझं ठाम मत आहे, झेंडूचं वाळतं फूल पाणी धरून बसतं, आतून काळं पडतं, बुरशी येते. त्यामुळे पावसाळाभर मी एकही फूल झाडावर वाळू देत नाही, सगळी खुडते. बियांसाठीची फुलं राखायची ती पाऊस सरल्यावर, दसरा-दिवाळीच्या सुमाराला, कारण मग ऑक्टोबरचं कडक ऊन आणि पुढे नोव्हेंबरची कोरडी हवा मिळते.

आणि इथे बहुतेक लोक काय करतात, तर मोसमभर चांगली चांगली फुलं तोडतात आणि शेवटी जी बारकी, थकलेली उरतात त्यांचं बी ठेवतात. मला हे अजिबात पटत नाही. झाड ऐन भरात असताना सगळ्यात दणकट रोप बघायचं, त्याचं सगळ्यात भरगच्च फूल बघायचं आणि त्याला लोकरीचा धागा बांधून टाकायचा, की याला कोणी हात लावायचा नाही. आमच्याकडे यावरून रोज बोलणं व्हायचं. सासूबाई म्हणायच्या, "अगं इतकं सुंदर फूल, देवाला घाल ना, झाडावर कशाला वाळवतेस?" मी म्हटलं, "आई, ते पुढच्या वर्षीच्या दसऱ्याचं तोरण आहे." मग त्या देवपूजेला बिनधाग्याची फुलं घ्यायला लागल्या, आणि नंतर तर नातवाला पण त्याच ओरडायच्या, धाग्याचं फूल तोडू नकोस म्हणून.

रंगाचं पण बघावं लागतं. मधमाश्या केशरी झेंडूचे परागकण पिवळ्यावर नेतात, म्हणून मी राखलेल्या फुलांजवळच्या पिवळ्या कुंड्या तेवढे दिवस बेडरूमच्या खिडकीत हलवल्या. शंभर टक्के खात्री नाही मिळत, पण फरक पडतो. गोकर्णीचं तसं नाही, ती बहुतेक स्वतःचं परागण स्वतःच करते, निळीला निळीच येते. पाकिटातून आणलेल्या हायब्रीड झेंडूचं बी मात्र धरू नका, पुढची रोपं आईसारखी निघतीलच असं नाही.

काढायचं कधी, तर झेंडूचं बोंड पूर्ण तपकिरी झालं, देठ सुद्धा सुकला की. बोटांनी उघडलं की काळ्या काड्या निघतात, वर फिकट शेपटी, त्या काड्या म्हणजे बी, पांढऱ्या मऊ असतील तर पोचट. गोकर्णीच्या शेंगा वाळून खुळखुळायला लागल्या की काढायच्या. तेरड्याचं बोंड पिकलं की हात लागताच फटकन फुटतं आणि बी थेट खालच्या मजल्यावर, त्यामुळे जुन्या मलमलच्या ओढणीच्या पुरचुंड्या बोंडांवर सैल बांधल्या. गुलबक्षीचं काळं गोल बी आपोआप पडतं, पण ते विषारी असतं, घरात लहान मूल असेल तर रोजच्या रोज उचला.

वाळवणं सावलीतच, पेपरवर, पंख्याखाली, आणि जाळी झाकून, नाहीतर कबुतरं ठेवतात होय! गावाला राखेत घालून ठेवायचे, आता इथे राख कुठून आणणार, मी औषधांच्या आणि बुटांच्या खोक्यातल्या ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या जमवते. हॅरिंग्टन नावाच्या शास्त्रज्ञाचा ढोबळ नियम आहे, बियांमधला ओलावा १ टक्क्याने उतरला की त्यांचं आयुष्य जवळपास दुप्पट, आणि ठेवायच्या जागेचं तापमान ५ अंशांनी उतरलं तरी तसंच. मुंबईच्या दमट हवेत हे फार कामाचं आहे. म्हणून कागदी पुडी, ती काचेच्या घट्ट बरणीत, सोबत सिलिका, आणि बरणी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. बाहेर काढल्यावर लगेच उघडायची नाही, आधी बाहेरच्या हवेला येऊ द्यायची, नाहीतर आत घाम धरतो.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला यावेळी वाण म्हणून याच पुड्या लुटल्या, प्रत्येकीवर फुलाचं नाव, रंग आणि बी धरल्याचा महिना लिहून. झेंडूच्या पुडीवर अजून एक ओळ आहे: जुलैच्या शेवटी पेरणे, पावसाचा मार लागणार नाही अशा आडोशाला, म्हणजे दसऱ्याला फुलं हातात. गोकर्णीच्या पुडीवर लिहिलंय, रात्रभर पाण्यात भिजवून मग लावणे. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी गोकर्ण लगेच लावली पण, तिला थांबायची गरज नसते, त्यांच्या वेलाला पाचवं पान आलंय.