भूक कमी करणाऱ्या औषधाची उंदरांवरची सेफ्टी टेस्ट, माझा अनुभव

एम फार्मला मॅडमनी मला विषय दिला, भूक कमी करणाऱ्या एका नवीन कंपाउंडची सेफ्टी, विस्टार रॅट्सवर, म्हणजे लॅबमध्ये वापरतात त्या उंदरांच्या एका जातीवर, २८ दिवस. तीन डोसचे तीन ग्रुप आणि एक कंट्रोल, म्हणजे औषध न दिलेला ग्रुप, प्रत्येकात ५ नर ५ माद्या, म्हणजे ४० प्राणी, असा हिशोब करून फॉर्म बी, म्हणजे प्राण्यांवर प्रयोगाच्या परवानगीचा अर्ज, भरला आणि एथिक्स कमिटीने तो परत पाठवला. एका सरांनी विचारलं, औषध दिल्यावर ते कमीच खाणार ना, मग वजन उतरलं तर ते औषधाने की उपासमारीने, हे कसं ओळखणार? माझ्याकडे उत्तरच नव्हतं.

उत्तर म्हणजे पेअर-फेड ग्रुप. अजून १० उंदीर, यांना औषध नाही, पण मोठ्या डोसवाल्यांनी काल जेवढं खाल्लं तेवढंच आज मोजून द्यायचं. अजून १० जीव मागायचे हे लिहिताना फार जड गेलं, पण ते नसते तर आधीचे ४० फुकट गेले असते. पुढच्या मीटिंगला मंजुरी मिळाली.

मग रोज सकाळी नळीने डोस, वजन, उरलेलं खाणं आणि पिंजऱ्यात सांडलेला चुरा, तोही वजन करायचा कारण चुरा विसरलो की पेअर-फेडवाल्यांना दुसऱ्या दिवशी जास्त जातं. रविवारीसुद्धा सुट्टी नाही, मेगाब्लॉक सुरू व्हायच्या आत मुलुंडहून निघायचं. उंदराला उलटी होतच नाही हे मला तेव्हा कळलं, मळमळलं तर तो माती खातो, म्हणून कमी खातोय म्हणजे भूकच मेली असं धरायचं नाही हे मॅडम सारखं बजावायच्या.

२९व्या दिवशी अवयव तपासायला सगळ्यांना संपवावं लागलं. महिनाभर हातात घेतलेले, त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

मोठ्या डोसवाल्यांचं आणि पेअर-फेडवाल्यांचं वजन जवळपास सारखंच उतरलेलं, थायमस ही छातीतली प्रतिकारशक्तीची ग्रंथीही दोघांत लहान, म्हणजे ती उपासमार. पण लिव्हरच्या पेशी सुजलेल्या फक्त औषधवाल्यांच्या. मोठ्याच डोसला दिसतंय म्हणून मी ते दोन ओळीत लिहिणार होते, तेव्हा मॅडमनी लॉर्कासेरिन या भूक कमी करणाऱ्याच औषधाचं सांगितलं, अमेरिकेत २०१० ला ते नाकारलं त्यामागे उंदरांमधल्या गाठी हे एक कारण होतं, २०१२ ला मंजूर झालं आणि २०२० मध्ये कॅन्सरच्या काळजीनेच बाजारातून काढावं लागलं. मग मी लिव्हरचा वेगळा भाग लिहिला, स्लाइडच्या फोटोंसकट.