दोन भुऱ्यांची सोयरीक

झुरिकजवळच्या ज्या गावात मी गेली चार वर्षे राहतो आहे, तेथून स्थानकाकडे जाणारी पायवाट ट्रिटिकेलच्या शेताला लागून जाते. गहू आणि राय (थंड प्रदेशात पिकणारे गव्हासारखे एक तृणधान्य) यांच्या संकरातून माणसाने घडवलेले हे धान्य येथे मुख्यतः गुरांच्या खाद्यासाठी पेरतात. यंदा जूनच्या सुरुवातीला त्याच्या खालच्या पानांवर पीठ भुरभुरावे तशी पांढरी बुरशी दिसली. निफाडच्या द्राक्षबागेत वाढल्यामुळे तिचे नाव मला कोणाला विचारावे लागले नाही. ती भुरी होती.

रात्री फोनवर अण्णांना हे सांगितले, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "आपल्या बागेत येते तीच का रे?" ती नव्हे. द्राक्षावरची भुरी द्राक्षवर्गीय वेलींवरच जगते, गव्हावरची गव्हावर आणि रायवरची रायवर. जिवंत पानाच्या पेशींतून अन्न शोषल्याखेरीज ही बुरशी वाढत नाही, आणि ज्या यजमानाशी तिची गाठ बांधलेली आहे त्याच्याबाहेर तिला सहसा थारा मिळत नाही. मग जे धान्यच मुळात नवे, त्यावरची भुरी आली कोठून?

गहू आणि राय यांचा संकर स्कॉटलंडमध्ये स्टीफन विल्सन यांनी १८७५ साली केला होता, पण ती रोपे वांझ निघाली. बी धरणारा संकर जर्मनीतील विल्हेल्म रिम्पाउ यांना १८८८ मध्ये मिळाला. शेतकऱ्यांच्या हाती हे पीक येण्यास मात्र १९६० चे दशक उजाडले, आणि त्यानंतरही दीर्घ काळ भुरीला दाद न देणारे पीक म्हणूनच ते ओळखले जात होते. २००१ पर्यंत ही स्थिती टिकली; त्यानंतर युरोपातील शेतांत ट्रिटिकेलवर भुरी दिसू लागली.

याचा उलगडा झुरिक विद्यापीठातील संशोधकांच्या पुढाकाराने झाला, आणि तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी भुरीच्या वेगवेगळ्या ४६ नमुन्यांचे जनुकसंच वाचून एकमेकांशी ताडून पाहिले, तेव्हा ट्रिटिकेलवरची भुरी ही गव्हाची भुरी आणि रायची भुरी यांचा संकर असल्याचे आढळले. माणसाने ज्या दोन गवतांना एकत्र आणले, नेमक्या त्यांच्याच दोन रोगांनी आपसांत सोयरीक जुळवली होती! तिच्या जनुकसंचाचा सुमारे साडेबारा टक्के भाग रायच्या भुरीकडून आणि साडेसत्याऐंशी टक्के भाग गव्हाच्या भुरीकडून आलेला आहे. पहिल्या संकरात दोघींचा वाटा निम्मा निम्मा असतो. ती संतती पुन्हा गव्हाच्या भुरीशी जुळली की रायचा वाटा पंचवीस टक्क्यांवर येतो, आणि आणखी एकदा जुळली की साडेबारावर. म्हणजे मूळ संकरानंतर किमान दोन वेळा ती गव्हाच्या भुरीकडे परतली, इतका इतिहास एका आकड्यातून वाचता येतो. हे गणित मी पहिल्यांदा वहीत मांडले तेव्हा कितीतरी वेळ त्या पानाकडे पाहत राहिलो होतो.

असा संकर घडायचा तर दोन्ही बुरश्या एकाच पानावर जिवंत असाव्या लागतात आणि त्यांचे लैंगिक प्रकार परस्परपूरक असावे लागतात. तो घडला, तर दोन वेगळ्या यजमानांशी जमवून घेण्यासाठी पिढ्यानपिढ्या निवडली गेलेली जनुके एकाच संततीत एकत्र येतात. भुरीचा जनुकसंच तसाही स्थिर नसतो. त्याचा बहुतांश भाग स्वतःच्या प्रती काढून जागा बदलणाऱ्या तुकड्यांनी व्यापलेला असतो, आणि वनस्पतीची संरक्षणयंत्रणा बधिर करणारी प्रथिने ज्या जनुकांपासून बनतात, ती या गजबजाटात सहज दुणावतात, बदलतात किंवा नाहीशी होतात. यजमानाने एखादे प्रथिन ओळखून प्रतिकार सुरू केला, तर त्या प्रथिनाचे जनुक बदललेली किंवा गमावलेली बुरशी तगून राहते.

गव्हाच्या काळ्या तांबेऱ्याने, म्हणजे गव्हावरच्या आणखी एका बुरशीने, तर याहून वेगळा मार्ग काढला. युगांडात १९९८ मध्ये आढळलेल्या आणि 'यूजी ९९' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तांबेऱ्याच्या वाणाने, रायकडून गव्हात आणलेले आणि जगभर वापरले गेलेले प्रतिकारक्षम जनुक निकामी केले. तांबेऱ्याच्या प्रत्येक पेशीत दोन स्वतंत्र केंद्रके नांदतात. यूजी ९९ मधील एक केंद्रक आफ्रिकेतील एका जुन्या वाणाच्या केंद्रकाशी जवळजवळ तंतोतंत जुळते, असे २०१९ मध्ये दाखवून देण्यात आले. लैंगिक मीलन न होता, दोन बुरश्यांचे तंतू जुळून केंद्रकांची अदलाबदल झाली होती. महाबळेश्वरच्या गहू गेरवा संशोधन केंद्रासारख्या ठिकाणी वर्षानुवर्षे तांबेऱ्यावर काम चालते, ते किती मोलाचे आहे, हे मला येथे आल्यावर नीट उमगले.

परवा त्या वाटेने येताना मी शेताच्या कडेचे एक पान उलटून पाहिले. ट्रिटिकेल पिवळे पडू लागले आहे, भुरीचा पांढरा थर करडा झाला आहे, आणि त्यात टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके धरले आहेत. हीच तिची मीलनातून धरलेली फळे. कापणीनंतर ती उकलतील आणि त्यांतले बीजाणू शरदातल्या नव्या पेरणीवर उतरतील. अण्णांना दाखवण्यासाठी मी त्या पानाचे छायाचित्र घेतले आहे.