तबल्याचा कोर्स आणि त्याचं ‘निव्वळ’ उत्पन्न

घरी येणाऱ्या विद्यार्थ्याची फी महिन्याच्या सुरुवातीला हातात पडते, त्यात हिशेब असा काही नसतो. रेकॉर्ड केलेल्या कोर्सचे पैसे कोण देणार, कशाबद्दल देणार आणि कधी, हे समजून घेताना मात्र माझा चांगलाच रियाज झाला. पुण्यात मी तबला शिकवतो, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना मुलं बसवतो. एका ऑनलाइन शिक्षण देणाऱ्या कंपनीने विचारलं, प्रारंभिक या पहिल्या परीक्षेपासून प्रवेशिका पूर्णपर्यंतचा अभ्यासक्रम रेकॉर्ड करून द्याल का? स्टुडिओ त्यांचा, कॅमेरा त्यांचा, एडिटिंग त्यांचं. मोबदला 60,000 रुपये, एकरकमी.

आकडा वाईट नव्हता. साथीच्या कार्यक्रमाला काय मिळतं ते तबलजींना सांगायला नको. करार मामेबहिणीला पाठवला, ती वकिली करते. संध्याकाळी तिचा फोन आला.

“दादा, हाच अभ्यासक्रम तुला पुढे दुसरीकडे कुठेही शिकवता येणार नाही असं लिहिलंय. घरच्या शिकवण्या बंद करणार आहेस का?”

ते कलम काढायला कंपनी लगेच तयार झाली. बहुधा प्रत्येकाला तोच छापील मसुदा जात असावा. खरी घासाघीस ‘सर्व हक्क, जगभर, कायमचे’ या ओळीवर झाली. आपल्या कॉपीराइट ॲक्टच्या कलम 19 प्रमाणे हक्क लेखीच द्यावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच हे दोन शब्द करारात न विसरता घातलेले असतात. बहिणीचं म्हणणं, कायमचं द्यायचं तर किंमतही तशी घे, नाहीतर मुदत घाल.

आणखी एक कलम होतं: ‘कोर्समधील सर्व साहित्य ही शिक्षकाची स्वतंत्र निर्मिती आहे.’ यावर मी सही कशी करणार? ‘धा धा तिट धा धा तूना’ हा दिल्लीचा कायदा, म्हणजे तबल्याची पिढ्यानपिढ्या चालत आलेली रचना, माझी निर्मिती असेल तर मग काय बोलायचं! पारंपरिक बंदिशी कुणाच्या मालकीच्या नाहीत, पण अलीकडच्या एखाद्या उस्तादांनी बांधलेला तुकडा असेल तर त्यांच्या निधनानंतर 60 वर्षं हक्क त्यांच्या वारसांकडे असतो. अभ्यासक्रमातलं काय पारंपरिक आणि कुठले पलटे, तिहाया माझ्या, याची यादीच करून कराराला जोडली. कंपनीतल्या बाईंना हे फारच अजब वाटलं. इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्यांनी त्यांना असलं काही कधी मागितलं नव्हतं.

लेहरा, म्हणजे तबल्यासोबत पुन्हा पुन्हा वाजणारी धून, धरणाऱ्या पेटीवाल्याचा तर करारात उल्लेखच नव्हता. गाण्यावाजवण्यातल्या प्रत्येक कलाकाराला सादरकर्ता म्हणून वेगळा हक्क असतो, आणि ‘सहभागी सर्वांची संमती शिक्षकाने घेतली आहे’ हे मात्र माझ्याकडून लिहून घेत होते. म्हणजे उद्या पेटीवाल्याने हरकत घेतली तर निस्तरायचं मी. त्याचं मानधन कंपनीने द्यायचं आणि संमती लेखी घ्यायची, असं ठरवून घेतलं.

मग कंपनीने दुसरा पर्याय पुढे केला: 25,000 आगाऊ आणि निव्वळ उत्पन्नाच्या 30 टक्के रॉयल्टी. आगाऊ रक्कम रॉयल्टीतून वळती होईपर्यंत पुढचं काही मिळणार नाही. इथे ‘निव्वळ’ची व्याख्या वाचावी, बाकीचा करार एक वेळ नाही वाचला तरी चालेल. जीएसटी वजा, पेमेंट गेटवेचं कमिशन वजा, विद्यार्थ्याला परत केलेले पैसे वजा, इथवर ठीक. त्यापुढे होतं ‘विपणन खर्च’. तो किती, याला कुठेच मर्यादा नव्हती. फेसबुकवर जाहिराती लावायच्या त्यांनी, किती लावायच्या ते ठरवायचं त्यांनी, आणि माझे 30 टक्के उरलेल्यातून. तो शब्द मी खोडायला लावला. बदल्यात टक्केवारी 30 वरून 20 वर आली, आणि मला ते परवडलं. विक्रीच्या 20 टक्क्यांचा अंदाज मला घरी बसून करता येतो, जाहिरातीनंतर उरणाऱ्या 30 टक्क्यांचा ब्रह्मदेवालाही येणार नाही. मुदत 5 वर्षं, दर तिमाहीला विक्रीचं विवरण. त्यांची हिशेबाची वही तपासायचा अधिकार मागितला होता, तो दिला नाही. आगाऊ रकमेतून 10 टक्के टीडीएस कापून उरलेले आले.

त्याच सुमारास प्रौढ नवशिक्यांसाठी एक छोटा कोर्स मी स्वतःच उडेमी या ऑनलाइन कोर्स विकणाऱ्या साइटवर टाकला. तिथले नियम जाहीर आहेत, त्यामुळे वाटाघाटीचा प्रश्नच नाही. तुमच्या लिंकवरून किंवा कूपनवरून विद्यार्थी आला तर विक्रीतले 97 टक्के तुमचे, त्यांच्या शोधातून आला तर 37. कर वगैरे जाऊन 500 रुपये उरले असं धरलं तर एकीकडे 485, दुसरीकडे 185. मोबाइलच्या ॲपमधून घेतला तर ॲपल किंवा गुगलचे 30 टक्के आधी जातात आणि 350 चे 37 टक्के म्हणजे जेमतेम 130. तोच कोर्स, तोच ठेका, शिकवणाराही तोच. विद्यार्थ्याला दारापर्यंत कुणी आणलं, त्यावर सगळं. हे एकदा पाहिल्यावर कंपनीचा ‘विपणन खर्च’ही मला निराळा दिसू लागला. माझ्या शिकवण्यापेक्षा विद्यार्थी आणण्यालाच या धंद्यात भाव आहे, ते काम कंपनी करते आणि त्याचे पैसे घेते. फक्त किती घेणार ते आधी सांगावं.

सबस्क्रिप्शनवाल्यांचं तिसरंच गणित. तिथे विक्री नाही, किती मिनिटं पाहिलं गेलं त्यावर वाटप. उडेमीने त्या उत्पन्नातला शिक्षकांचा वाटा 25 टक्क्यांवरून 2024 मध्ये 20, 2025 मध्ये 17.5 आणि 2026 साठी 15 असा उतरवत नेला. मिनिटांवर पैसे असले की तीन मिनिटांचा मुद्दा बारा मिनिटं सांगण्याचा मोह होतो. तबल्यात ते फार सोपं आहे, लेहरा चालू ठेवायचा आणि तेच बोल वाजवत राहायचं.

अमेरिकेतले विद्यार्थी असतील तर डब्ल्यू-8बेन हा तिथल्या कर खात्याचा फॉर्म भरावाच. पॅन नंबर देऊन भारत-अमेरिका कर करार लावून घेतला की तिथल्या विक्रीवर 30 ऐवजी 15 टक्के कर कापला जातो. तेवढ्याचं क्रेडिट इथल्या विवरणपत्रात मागता येतं, मी त्यासाठी फॉर्म 67 भरला. ते काम सीएकडे सोपवलं, त्याची फी त्या कापलेल्या करापेक्षा जास्त झाली.

माझ्या लिंकवरून येणारे बहुतेक जुन्या विद्यार्थ्यांचे पालक आणि त्यांचे परदेशातले नातेवाईक. कंपनीकडची आगाऊ रक्कम अजून पुरती वळती व्हायची आहे, विवरण मात्र वेळेवर येतं.

आता मध्यमा या त्यापुढच्या परीक्षेचा कोर्स स्वतःच करायचा म्हणतोय. पेटीवाल्याला म्हटलं, या वेळी तुलाही टक्केवारीत घेतो, विकेल तसे मिळत राहतील. त्याने कराराचा कागद उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला. “सर, टक्केवारी तुम्हीच ठेवा. मला लेहऱ्याचे रोख द्या, उठताना.”