धुऱ्यापर्यंत कापू नका

माझी आजी याला वारीच म्हणायची. माघ लागला की तिचं सुरू, "यंदा वारीले कोण कोण येते?" शेजारचे माळकरी हसायचे. खरंच आहे, शेगावची पालखी कुठं आणि आमची आठ-दहा ख्रिस्ती माणसांची परतवाडा ते मरियमपूर पायपीट कुठं! पण टाळ आमच्याकडेही असतात, आणि टिळकांचे अभंग. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, अभंग मात्र सोडला नाही. नुसत्या जपमाळेवर चिखलदऱ्याचा घाट चढत नाही, असं माझं मत. फादरांना ते पटत नाही.

11 फेब्रुवारी, लूर्द मातेचा सण. पहाटे तीनलाच निघालो. फादरांनी वाटेवर मनन करायला एकच अध्याय दिला होता, बायबलच्या जुन्या करारातला लेवीय 19. 'पवित्र व्हा, कारण मी तुमचा देव परमेश्वर पवित्र आहे.' पवित्र म्हटलं की मला यशया संदेष्ट्याचं दर्शन आठवतं. धुरानं भरलेलं मंदिर, तोंड झाकून 'पवित्र, पवित्र, पवित्र' गाणारे सराफीम देवदूत, ओठांना लावलेला वेदीवरचा निखारा. वाचतानाच माणूस दोन पावलं मागं सरतो.

फादर म्हणाले, हिब्रूतल्या 'कादोश'मध्ये वेगळं काढून ठेवलेलं असा अर्थ आहे. मला आईचं बियाण्याच्या ज्वारीचं मडकं आठवलं. राखेत घोळून ठेवलेली ज्वारी. घरात दाणा नसला तरी त्या मडक्याला हात लावायची कोणाची छाती नव्हती. इथवर माझं मनन छान चाललं होतं.

धामणगाव गढीच्या अलीकडं उजाडलं. संत्र्याच्या बागा संपून कपाशीचं शेत लागलं. वेचून झालेलं, नुसत्या पऱ्हाट्या उभ्या. त्यात एक म्हातारी वाकलेली. पऱ्हाटीच्या बुडाशी पडलेली, मातीनं मळलेली बोंडं उचलायची, बोटानं काडीकचरा झटकायची आणि कापूस ओट्यात टाकायची. अंगठ्याला चिंधी गुंडाळली होती.

मी विचारलं, "मावशी, शेत तुमचं काय?"

"नाही बावा. सरवा वेचून रायली. मालक धुऱ्यापासचं सोडून देते, काही म्हणत नाही."

सरवा, म्हणजे कापणी-वेचणीनंतर शेतात राहिलेलं! लेवीय 19 मध्ये तेच तर आहे. 'पवित्र व्हा' म्हणून झालं की पुढं सराफीम नाहीत, निखारा नाही. शेताच्या कोनाकोपऱ्यापर्यंत कापू नका, सरवा वेचू नका, तो गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्या. आमच्याकडं धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, नांगराच्या एका तासाएवढ्या जागेवरून भाऊ भावाला कोर्टात ओढतो, आणि देव म्हणतो धुऱ्यापाशी हात आखडा. चार ओळी सोडून तेरावं वचन येतं: मजुराची मजुरी रात्रभर, सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नका.

इथं माझे पाय जड झाले. भाव वाढेल म्हणून दिवाळीपासून मी कापूस घरात भरून ठेवलाय. अर्धी खोली छतापर्यंत पांढरी. पण वेचणाऱ्या तिघींचे शेवटच्या वेचणीचे पैसे मात्र 'कापूस विकला की देतो' म्हणून अडकलेले. त्यातली एक दोनदा दारात येऊन बसली. दुसऱ्या वेळी मी आतूनच सांगितलं, "उद्या ये." त्या रात्री उपासनेत गाणं मीच म्हटलं होतं, तेही चांगल्या आवाजात.

घाटात सगळे गात होते. मी दम लागल्याचं निमित्त करून मागं राहिलो. सागाची पानं करकर वाजत होती, माकडं कठड्यावर बसून आमच्या चिवड्याकडं बघत होती. मला तोंडी हिशेब येत नाही, तरी मांडत होतो. एकीचे 46 किलो, दुसरीचे 38, तिसरीचे वहीत बघावे लागतील.

मरियमपूरला पोचलो तेव्हा दुपार टळली होती. मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, 'पवित्र, पवित्र, पवित्र' आलं. पहिले दोन म्हटले. तिसऱ्याला खोकला आला, असं शेजारच्याला वाटलं असेल.

बाहेर पडलो. एका दगडावर उभं राहिल्यावर मोबाईलला रेंज आली. घरी लावला. बायकोला म्हटलं, कपाटात पैसे आहेत, वही काढ, तिघींचे आत्ताच्या आत्ता पोचते कर.

"ते मोठी कालच येऊन गेली," ती म्हणाली. "मी म्हटलं, उद्या ये. तर म्हणे, आता राहू द्या बाई, बाजार तं झाला."